जुन्या भिंतीला सिमेंट लावण्याआधी : दुरुस्तीची कामं घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेणारे कंत्राटदार, इंजिनिअर आणि साइट सुपरवायझर यांना

सप्रेम नमस्कार.

शंभर-दीडशे वर्षं उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती निघाली की तुमच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ बहुतेक वेळा एकच असते : जुना गिलावा खरवडून नवा सिमेंटचा गिलावा करणे. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. ती काढून टाका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. तिच्या जागी काय यावं आणि कोणत्या क्रमाने यावं, ते पुढे लिहितो आहोत. आम्ही चुन्याचं, दगडविटांचं आणि जुन्या लाकडाचं काम करणारी माणसं आहोत. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. तुम्ही ज्या पद्धती शिकलात त्या आरसीसीच्या इमारतीला बरोबर लागू पडतात, जुन्या घराला मात्र पडत नाहीत.

आजच्या इमारतीत पाणी आत येऊच द्यायचं नाही, असा हिशेब असतो. जुन्या घराचा हिशेब असा, की पाणी येणार, पण आलेलं पाणी निघून गेलं पाहिजे. पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल विटांच्या आणि दर्जांच्या (दोन विटांमधल्या मालाच्या सांध्यांच्या) बारीक छिद्रांतून वर चढते, साधारण मीटर-दीड मीटरपर्यंत पोचते आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन उडते. जेवढी चढते तेवढी उडते, म्हणून भिंत टिकते. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने घेतलं ते १८२४ साली. त्याआधीच्या भिंतीत ते असणं शक्यच नाही, आणि त्यानंतरही कित्येक दशकं घरं चुन्यात नाहीतर मातीतच बांधली जात होती.

अशा भिंतीवर २० मिलिमीटर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल चढायची थांबत नाही, फक्त उडायची थांबते. मग ती आणखी वर सरकते आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला, आजवर कोरड्या राहिलेल्या जागी, डाग उमटतो. त्यावर उपाय म्हणून गिलावा आणखी वर नेला जातो. काही वर्षांनी हा गिलावा काढून पाहा. छिन्नी घातली की हातभर खपली एकसंध सुटते आणि तिच्या पाठीला विटेचा लाल पापुद्रा चिकटून येतो. उघडी पडलेली वीट बोटाने घासली तरी रव्यासारखी गळते. पापुद्र्याच्या आत कापसासारखे पांढरे, बारीक तंतू दिसतात. हाच लोणा, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार. पाणी उडून जातं तेव्हा क्षार मागे राहतात आणि तिथेच त्यांचे स्फटिक होतात. चुन्याच्या गिलाव्यात झाले तर गिलावा भुसभुशीत होतो आणि काही वर्षांनी तो बदलता येतो. वाट बंद असेल तर स्फटिक विटेच्या आत होतात आणि वीट फुटते. गिलावा झिजण्यासाठीच असतो, वीट झिजण्यासाठी नसते. दर्जांचंही तेच आहे. दर्जेतला माल विटेपेक्षा किंवा दगडापेक्षा नेहमी मऊ हवा. तो कडक झाला की ओल विटेतून बाहेर पडते, भिंत थोडी हलली की ताणही विटेवरच येतो, आणि विटांचे चेहरे झडून सिमेंटच्या दर्जा जाळीसारख्या पुढे उभ्या राहतात.

तेव्हा कामाची सुरुवात पाण्यापासून करा. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी होतं. पन्हळीचा एक सांधा सुटला असेल तर त्यातला मोठा वाटा दर पावसात एकाच कोपऱ्याच्या पायात उतरतो. हे कोरड्या दिवशी कळत नाही. पाहणी भर पावसात करा. पन्हळ कुठे सांडते, उतरता पाइप कुठे तडकलाय, पाणी भिंतीच्या पायाशी साचतं की लांब जातं, ते डोळ्यांनी बघा. त्याच वेळी माळ्यावर बॅटरी घेऊन जा आणि आढ्यापासून खाली वाश्या-वाश्यावर ओलाव्याची रेघ शोधा. गळती जिथे टपकते तिथे क्वचितच असते. पाणी वाश्यावरून पाच-सहा फूट ओघळून मग खाली पडतं.

मग बाहेरची जमीन तपासा. वर्षानुवर्षं भर पडत आणि फरसबंदीवर फरसबंदी होत ती चढत जाते आणि जोतं जमिनीत बुडतं. बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवी, २०० मिळाली तर उत्तम. घरापासून दूर ४० ला १ असा उतार द्या. भिंतीला लागून काँक्रीटची पट्टी ओतू नका. ती भिंतीपासून केसभर सुटतेच, त्या फटीतून पाणी पायात उतरतं आणि वरून सुकायला वाट उरत नाही. तिथे ३०० मिलिमीटर रुंद खडीची पट्टी ठेवा. चर खणण्याआधी एका ठिकाणी चाचणी खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते पाहा. जुने पाये पुष्कळदा हातभरच खोल असतात, आणि पायाच्या तळापेक्षा खोल चर खणला तर पायाखालची माती सरकून भिंत खचते. एका वेळी मीटरभर लांबीच उघडा आणि ती भरल्यावर पुढे जा.

आतली जुनी जमीन उखडून खाली प्लास्टिक आणि वर काँक्रीट टाकायची पद्धत पडली आहे. जी ओल सगळ्या जमिनीतून उडत होती तिला मग एकच रस्ता उरतो, कडेची भिंत. जमीन नव्याने करायचीच असेल तर खाली बारीक चुरा नसलेली मोठी खडी आणि वर चुन्याचं काँक्रीट करा.

ओल मोजायचं दोन पिनांचं यंत्र लाकडासाठी बनवलेलं आहे. गिलाव्यातल्या क्षारांतून वीज सहज वाहते, त्यामुळे कोरड्या पण लोणा लागलेल्या भिंतीवरही ते मोठा आकडा दाखवतं. त्या आकड्यावर विसंबून भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचा सल्ला मालकाला देऊ नका. खात्रीच हवी असेल तर सावकाश ड्रिल करून वेगवेगळ्या खोलीवरचा चुरा घ्या, वजन करा, १०५ अंशांवर सुकवून पुन्हा वजन करा. पाण्याचा बंदोबस्त झाला की भिंतीला सुकायला वेळ द्या. ढोबळमानाने २५ मिलिमीटर जाडीला एक महिना धरतात, म्हणजे ४५० मिलिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष. मालकाला ही गोष्ट आवडत नाही, पण ती त्याला पहिल्याच भेटीत सांगा. त्या काळात छप्पर, लाकूड, खिडक्या यांची कामं चालू ठेवता येतात.

आधीच लागलेलं सिमेंट काढायचं का? गिलावा पोकळ वाजत असेल तर काढाच. दर्जांच्या बाबतीत मात्र सबुरी बाळगा. सिमेंट घट्ट बसलेलं आणि वीट मऊ असेल तर काढताना विटांच्या कडा जातात. तिथे ते सध्या राहू द्या, स्वतःहून सुटेल तेव्हा काढा. जिथे काढता येतं तिथे बारीक छिन्नी आणि हलका हातोडाच वापरा. ग्राइंडर आडव्या दर्जेत एकवेळ सरळ चालेल, पण उभ्या दर्जेत तो वरची आणि खालची वीट कापतोच. खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट घ्या, निदान २५ मिलिमीटर तरी. मग धूळ झटका, पाणी शिंपडा आणि माल आत दाबत भरा. वरवर सारवलेली दर्ज फार टिकत नाही.

आता चुना. चुनखडीचा दगड ९०० अंशांच्या आसपास भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी मिसळलं की तो उसळत, उकळत विरतो, आणि भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन पुन्हा दगड होतो. विरवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं तर तो उडतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही हौदाजवळ जाऊ देऊ नका, आणि डोळे धुवायला स्वच्छ पाणी शेजारी ठेवा. डोळ्यात गेलेला चुना दृष्टी घालवू शकतो. विरलेला चुना चाळून पाण्याखाली ठेवा. निदान काही आठवडे, आणि जितके महिने मुरेल तितका चांगला. न विरलेली कणी राहिली तर ती पुढे गिलाव्यात फुगते आणि बंदुकीचा छर्रा लागल्यासारखे खड्डे पडतात.

वाळूकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि पुष्कळ गिलावे वाळूपायीच तडकतात. धुतलेली, टोकदार कणांची, जाड-मध्यम-बारीक अशी मिश्र वाळू हवी. चुना किती लागेल हे वाळूच ठरवते. एक लिटर कोरडी वाळू भांड्यात घ्या आणि मोजून पाणी ओता. पाणी वाळूच्या पातळीला आलं की थांबा. चांगल्या वाळूत सुमारे ३३० मिलिलिटर पाणी मावतं. ही कणांमधली पोकळी, आणि तेवढाच चुना तिला भरायला लागतो. म्हणून एकास तीन. पाणी जास्त मावत असेल तर वाळू एकाच मापाची आहे, ती बदला. चुना वाढवू नका, वाढवलात तर गिलावा आक्रसून तडकणार. माल कालवताना वरून पाणी घालायचा मोह होतो. घालू नका, मळत राहा. पाच मिनिटांपूर्वी कोरडा वाटणारा माल मळून मऊ होतो.

जुना माल कसा होता ते कळायला एक ढेकूळ फोडून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. चुना फेसाळून विरघळतो आणि वाळू तळाशी उरते. ती धुऊन, सुकवून, चाळून पाहिली की कोणती वाळू शोधायची ते समजतं. मात्र वाळूत शिंपले किंवा चुनखडी असेल तर तीही विरघळते. म्हणून आधी भिंगातून बघून घ्या.

गिलाव्याचा एक थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड करू नका. आदल्या दिवशी भिंत भिजवा आणि काम सुरू करताना पुन्हा शिंपडा. वरून ओलसर पण न चमकणारी भिंत हवी. पहिला थर घट्ट झाला पण नखाने दबतो आहे, तेव्हा ओरखडे काढून ठेवा, आणि बारीक तडे दिसले तर लाकडी गुटक्याने पुन्हा दाबून मिटवा. नंतर निदान आठवडाभर ओलं गोणपाट पुढे टांगून ऊन आणि वारा अडवा. चुना पाणी उडाल्यामुळे घट्ट होत नाही, हवेतला वायू घेऊन होतो, आणि त्या क्रियेला ओलावा लागतो. दोन दिवसांत सुकलेला गिलावा दिसायला छान दिसतो, पण हात फिरवला की पिठासारखा हाताला येतो. ५ अंशांखाली तापमान जात असेल तर बाहेरचं काम हाती घेऊच नका.

जोतं, गच्चीची कड, धुराडं अशा सतत भिजणाऱ्या जागी साधा चुना पुरत नाही. तिथे पाण्यातही घट्ट होणारा चुना लागतो. इंग्रज इंजिनिअर जॉन स्मीटनने १७५० च्या दशकात एडिस्टनच्या दीपगृहासाठी प्रयोग करताना हे दाखवून दिलं, की चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीपासून असा चुना होतो. तोच गुण साध्या चुन्यात सुर्खी, म्हणजे विटेची भुकटी, मिसळून आणता येतो, फक्त सुर्खी मंद भाजलेल्या विटेची हवी. करपलेल्या विटेची भुकटी नुसत्या वाळूसारखी राहते. ‘लवकर धरावं’ म्हणून चुन्यात मूठभर सिमेंट टाकायची सवय मात्र सोडा.

भिंत मातीत बांधलेली असेल तर दुरुस्तीही मातीतच करा. रंग म्हणाल, तर चुन्याची सफेदी दुधाइतकी पातळ, चार-पाच हात. प्लास्टिकच्या रंगाने वरची सगळी मेहनत वाया जाते. आधीचा तैलरंग खरवडण्यापूर्वी त्यात शिसं आहे का तपासा. जुन्या रंगात ते बहुधा असतं. असा रंग कोरडा घासायचा नाही आणि दिव्याने जाळायचा नाही.

लाकडाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे सर्वांत जास्त चांगला माल फेकला जातो. तुळई मधून क्वचित कुजते. कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक. लाकडातली ओल २० टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढत नाही, आणि भिंतीतलं टोक नेमकं त्याहून ओलं राहतं. टोचायची आरी (चांभार वापरतो तशी) घेऊन टोचत जा. चांगल्या लाकडात ती दोन-तीन मिलिमीटरवर अडते, कुजक्यात लोण्यासारखी जाते. कुजका भाग संपतो तिथून पुढे ३०० मिलिमीटर चांगलं लाकूड धरून कापा आणि त्याच जातीच्या, मुरलेल्या लाकडाचा तुकडा तिरका सांधा करून जोडा. सांधा कुठे आणि किती लांबीचा, हे भार काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावं. दोन्ही बाजूंना स्टेनलेस पट्ट्या आणि बोल्ट लावून तुळई वाचते. कापण्याआधी टेकू थेट जमिनीपर्यंत उतरवा, मधल्या मजल्यावर ठेवू नका. जॅक दिवसाला एखाद-दोन मिलिमीटरच चढवा. शंभर वर्षांत बसलेला बाक एका दुपारी सरळ करायला गेलात तर वरची भिंत तडकते, आणि बहुतेक वेळा तो बाक सरळ करायची गरजही नसते. टोक पुन्हा भिंतीत बसवताना तिन्ही बाजूंनी २० मिलिमीटर हवा खेळायला जागा ठेवा आणि खाली दगडाची किंवा कठीण लाकडाची बैठक द्या. भोवती माल भरून ते कोंडलंत तर काही वर्षांनी हेच काम पुन्हा निघतं. वाळवीचंही मूळ ओलीत आहे. आधी ओल घालवा, मग औषध मारा.

लाकडी मजला काढून स्लॅब टाकायचा प्रस्ताव आला तर दोन गोष्टी पाहा. १०० मिलिमीटर स्लॅबचं वजन चौरस मीटरला २५० किलो होतं, लाकडी कड्या-फळ्यांचं त्याच्या काही अंशानेच असतं. तो भार उथळ पायावर आणि मऊ दर्जांवर येतो. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. त्या कड्या नुसता मजला पेलत नाहीत, समोरासमोरच्या भिंती एकमेकींना धरून ठेवतात. त्या सगळ्या एकदम काढल्या की भिंत दोन मजले उंच सुटी उभी राहते आणि पोट काढते. कड्या एक आड एक बदला.

भेगांना लगेच बुजवू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोका, मधलं अंतर व्हर्नियरने ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजा, आणि दर महिन्याला वहीत लिहा. कोरड्या-ओल्या ऋतूंत उघडते आणि मिटते ती भेग श्वासासारखी आहे, तिला चुना पुरतो. एकाच दिशेने वाढत जाते ती पायाची किंवा छपराच्या रेट्याची तक्रार आहे. वर रुंद आणि खाली बारीक भेग असेल तर भिंतीचं टोक बाहेर कलतंय, ओळंबा लावून खात्री करा. दगडी भिंतीला पोट आलं असेल तर आतला भराव खाली बसलेला असतो आणि दोन्ही कातड्यांना (आतल्या आणि बाहेरच्या दगडी थरांना) बांधणारे आरपार दगड कमी असतात. तिथे पातळ चुन्याचा माल खालून वर, नुसत्या उंचीच्या दाबाने, थोडाथोडा भरा. पंपाचा दाब दिलात तर पोट फुटतं.

भिंतीत साधं लोखंड कधीही पुरू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड फोडतो. अथेन्सच्या पार्थेनॉनचं उदाहरण जगजाहीर आहे. प्राचीन कारागिरांनी लोखंडी पकडी शिशात बसवल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत उघडं लोखंड वापरलं गेलं आणि त्याने संगमरवर फोडला. पुढे ते काढून टायटॅनियम बसवावं लागलं. तुमच्या कामात स्टेनलेस पुरेसं आहे.

कोरीव महिरप किंवा कठड्याचा तुकडा नाहीसा झाला असेल तर शेजारचा नमुना जुळतो तेवढाच नवा करा. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितलेली मर्यादा इथे पाळण्यासारखी आहे : जिथे नुसता अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

म्हणून पुढच्या अंदाजपत्रकात हे बदल करा. पहिली बाब पाहणीची ठेवा, तीत एक पूर्ण पावसाळी काळ धरा आणि तिचे पैसे उघडपणे मागा. दुसरी बाब पाण्याची, म्हणजे पन्हळ, उतरते पाइप, बाहेरची पातळी. गिलावा शेवटच्या पानावर न्या आणि त्यापुढे ‘भिंत सुकल्यावर’ असं लिहा. लाकडाची बाब ‘सर्व कड्या बदलणे’ अशी ढोबळ लिहू नका. प्रत्येक कडीला क्रमांक द्या आणि कोणतं टोक, किती लांबी, ते नोंदवा. गिलाव्यापूर्वी मीटरभर चौकोनाचा नमुना भिंतीवर करा, महिनाभर राहू द्या, आणि तो मालकाला, गवंड्याला आणि तुम्हाला पटल्यावरच पुढचा माल कालवा. त्यात कोणती वाळू, किती चुना, कोणत्या तारखेला, हे एका कागदावर लिहून तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवायला द्या. पुढच्या वेळी दर्जा भरायला येणाऱ्या गवंड्याला तो लागेल.

आपले,
चुना, दगड आणि लाकूड यांच्या कामातली माणसं